मी कोरडी राहिले

मी दाबफळी. नाव ऐकलं नसेल तुम्ही. त्यावाचून तुमचं काही अडलं नाही आणि माझंही नाही. पण बोलायला बसलेच आहे, तर ओळख देते. दोन जाळीदार लाकडी चौकटी, मधे टीपकागदांची थप्पी, वरून आवळायला दोन चामडी पट्टे. झालं माझं रूप. दिसायला मी काही देखणी नाही. ज्यांच्यासाठी मला केलं ती फुलं देखणी होती.

डोंगरातलं फूल खुडायचं, दोन टीपकागदांच्या मधे निजवायचं, पाकळ्या सारख्या करायच्या आणि पट्टे करकचून आवळायचे. मग मी त्याच्या उरावर बसते. फुलातलं पाणी कागद पितो. कागद ओलावला की काढायचा, कोरडा घालायचा, पुन्हा आवळायचं. रोज हेच. शेवटी फूल वाळतं, कागदाइतकं पातळ होतं आणि माणसांच्या कितीतरी पिढ्या तसंच्या तसं राहतं. राहतं म्हणजे जगत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण या दोन गोष्टींत माणसांची फार गल्लत होते.

मला एका सुतारानं घडवलं. घरात तो सगळ्यांत लहान, म्हणून सगळे त्याला धाकट्या म्हणायचे. लग्न झालं, मुलगी झाली, मिशीत पांढरे केस आले, तरी धाकट्याच. त्याची आई वारली तेव्हा तिची खाट रिकामी झाली. ती मोडून त्यानं तिच्या पट्ट्या रंध्यानं गुळगुळीत केल्या आणि मला जोडलं. माझ्यात एकही खिळा नाही. सगळे सांधे खाचेत बसवलेले. खिळा गंजतो आणि गंज कागदाला लागतो, म्हणून.

मला करायला लावलं ताईनं. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात शिलाईला बसायची. छापलेले फर्मे, म्हणजे पानांच्या घड्यांचे जुडगे, रचायचे आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायचे, हे तिचं काम. लग्न केलं नाही. शाळा अर्ध्यात सुटली. पण हातातून जाणारा कागद न वाचता सोडायची नाही. एकदा डोंगरी फुलांचं एक जाडजूड पुस्तक बांधायला आलं. मधले फर्मे तिच्या टेबलावर आले, शेवटचे दुसऱ्या टेबलावर गेले. त्यामुळे अर्धी फुलं तिला कुळासकट तोंडपाठ आणि उरलेल्या अर्ध्यांचा पत्ताच नाही. त्यांना ती आपल्या मनानं नावं द्यायची. लोकरी. बर्फकान. मिटफूल. चुकीची म्हणाल तर म्हणा, फुलांनी कधी तक्रार केली नाही.

दर उन्हाळ्यात कारखाना काही दिवस बंद राहायचा, तेव्हा ही दोघं डोंगरात जायची. ताई पुढचं ठरवायची आणि धाकट्या ओझं उचलायचा. मी त्याच्या पाठीवर. म्हणून मला सगळं उलटं दिसायचं. येणारी वाट कधी दिसली नाही, मागे पडलेलीच दिसली. आधी उंच झाडांचं जंगल मागे पडायचं, मग कमरेएवढी, वाऱ्यानं एका अंगाला झोपलेली झाडं. तीही संपली की वर नुसतं गवत, दगड, वितळणाऱ्या बर्फाचे मळके पट्टे आणि फुलं. काय सांगू! बर्फाच्या काठाला अजून पाणी ठिबकत असायचं आणि त्यातूनच बर्फकान डोकं वर काढायचं. खारीच्या जातीचे गलेलठ्ठ मार्मोट बिळाच्या तोंडाशी उभे राहून शिट्ट्या मारायचे. कड्यावर रानबकऱ्या पिल्लांना उभं राहायला शिकवायच्या, जिथं माणसाला नुसतं बघूनच घेरी येईल अशा जागी.

धाकट्याचा लाडका मात्र एक मुठीएवढा प्राणी होता. गोल कान, शेपूट नाही, अखंड लगबग. तो तोंडात मावतील तेवढी फुलं खुडायचा, दगडावर वाळत घालायचा, वाळली की कपारीत रचून ठेवायचा.

"ताई, तुझी सख्खी बहीण बघ," धाकट्या म्हणायचा. "तीच खोड."

"ती खाण्यासाठी जमवते," ताई म्हणायची.

"म्हणजे तुझ्यापेक्षा शहाणी."

संध्याकाळी तंबूपाशी माझे पट्टे सुटायचे. ओले कागद निघायचे, कोरडे आत जायचे. पण डोंगरात कोरडा कागद आणायचा कुठून? ऊन असलं तर दगडांवर पसरायचे. नसलं तर या दोघांची एक रीत होती. त्या रीतीला ताई अंगवाळवण म्हणायची. ओलसर टीपकागद छातीभोवती गुंडाळायचे, वरून सुती पट्टी बांधायची, वर सदरा चढवायचा आणि चालू लागायचं. चालणाऱ्या माणसाच्या उबेनं कागद दुपारपर्यंत कुरकुरीत व्हायचे. धाकट्याचं अंग गरम, म्हणून हे काम त्याचं. "देवानं मला माणूस केलं आणि बहिणीनं शेगडी," असं म्हणत तो हात वर करून उभा राहायचा आणि ताई त्याच्याभोवती कागद गुंडाळायची. लहानपणी त्याला अंघोळीनंतर पंच्यात गुंडाळायची ना, तशीच.

मग एका उन्हाळ्यात तिला पांढरं मिटफूल सापडलं.

मिटफूल निळं असतं. गडद निळं, बघणाऱ्याचा घसा कोरडा पडावा इतकं. ऊन असलं की उघडं. ढगाची सावली आली की छत्रीसारखं मिटून जातं. अख्खा उतार निळा दिसतो आणि बघता बघता हिरवा होतो. त्या निळ्यात एका घळीच्या वरच्या अंगाला पांढऱ्यांचा एक छोटा पुंजका होता. इतक्या उन्हाळ्यांत तिनं पांढरं मिटफूल कधी पाहिलं नव्हतं. ताई गुडघ्यांवर बसली, आणि ही बाई कुणापुढे गुडघे टेकणारी नव्हे.

फूल माझ्यात आलं. उतरताना ओढ्यात धाकट्याचा पाय घसरला आणि मी त्याच्यासकट पाण्यात गेले. घरी येईपर्यंत कागदांना बुरशी धरली. पांढरं फूल चहाच्या डागासारखं झालं.

तरीही ताई ते घेऊन शहरातल्या वनस्पतींच्या कचेरीत गेली. तिथं वाळलेली रोपं कपाटांत लावून ठेवतात. तिथले चष्मेवाले गृहस्थ भले होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, फूल भिंगाखाली धरलं आणि म्हणाले, "तुम्ही पांढरं होतं म्हणता, मी नाही कशाला म्हणू? पण मला तपकिरी दिसतंय. पुढच्या उन्हाळ्यात नीट वाळवून आणा. मी वाट बघेन." यात वाईट काय होतं? काही नाही. पण ताईला ऐकू आलं ते एवढंच, की बाई, तुम्ही खोटं बोलता. आयुष्यभर तिला लोकांनी हेच ऐकवलं होतं, मग त्यांनी न बोललेलंही तिला ऐकू यायचं.

जिन्यावर ती धाकट्याला म्हणाली, "पुन्हा कागद भिजले तर तुझं तोंड बघणार नाही."

"पाठ तर बघशील? पुढं मीच चालतो."

"हसू नकोस. आजपासून आधी कागद, मग आपण."

हे तिनं वर्षभर म्हटलं. जेवताना म्हटलं, दोरा ओवताना म्हटलं. धाकट्याच्या बायकोनं ते ऐकलं. ती शिवणकाम करायची, खालच्या खोलीत तिचं मशीन दिवसभर चालू असायचं. तिनं माझ्यासाठी मेणकापडाची खोळ शिवली. दुहेरी शिवण, गळ्याशी ओढायची दोरी, थेंब आत जाणार नाही अशी. फक्त मोठी. फारच मोठी.

ताईनं खोळ हातात धरून झटकली. "अगं, ही फळी आहे, म्हैस नाही. एवढी कशाला?"

"कापड उरलं होतं, वन्सं. आणि पाऊस आलाच, तर हेही आत मावतील."

"त्याला काय धाड भरलीय? तो काय कागदाचा आहे?"

भावजय हसली. धाकट्या हसला. तेव्हा घरात हसत होते सगळे. त्यांची मुलगी तेवढ्यात खोळीत शिरली आणि आतून मार्मोटसारख्या शिट्ट्या मारायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही निघालो ते त्या एका पुंजक्यासाठी. बाकीची फुलं वाटेत यायची, ताई बघायची आणि सोडून द्यायची. धाकट्याला ते आवडलं नाही. "ताई, लोकरी बघ किती आलीय." "असू दे." "ताई, पिल्लं बघ कड्यावर." "चल पुढं." एका दिवशी डोक्यावर हाडं फोडणारं मोठं गिधाड घिरट्या घालत होतं, त्यानं वरून हाड टाकलं, खडकावर ठाण् आवाज झाला. तरी ताईनं मान वर केली नाही. डोंगर बघायला आलेली बाई डोंगर बघायची थांबली होती.

धुकं रोज असायचं. कागद रोज दमट. पांढऱ्या फुलाला हाडासारखा कोरडा कागद हवा, नाहीतर पुन्हा तोच डाग. म्हणून धाकट्याच्या अंगावर रोज जास्त कागद. तळ्याकाठी तंबू लावला तिथून शेवटची चढण होती. तंबू, स्टोव्ह, पांघरुणं खालीच ठेवली. उन्हं कलायच्या आत परत यायचं होतं. धाकट्याच्या पाठीवर फक्त मी आणि माझी खोळ, पिशवीत पाव आणि काड्यापेटी. छातीला कागदांचे थर. "आज शेगडी फुल्ल पेटलीय," असं म्हणत तो चढला.

पुंजका होता. गेल्या वर्षीपेक्षा मोठा झाला होता. पण आम्ही पोचलो आणि ढग आला. माझ्यासमोर सगळा उतार निळ्याचा हिरवा झाला. पांढरी फुलंही मिटली. खाली दगडांत तो मुठीएवढा प्राणी वाळायला घातलेली फुलं भराभरा कपारीत ओढत होता.

"ताई, ती बघ, तुझी बहीण आवरायला लागली. आपणही आवरू."

"मिटलेलं नेऊन काय करू? ऊन येईल."

"ऊन नाही येणार. आभाळ बघ तिकडचं."

"येईल म्हटलं ना. तुला भूक लागली असेल तर पाव खा."

त्यानं पाव खाल्ला. दोघं उतारावर बसून राहिली, फूल कधी उघडतंय ते बघत. जगात दुसरं कुणी अशा वेळी असं बसलं नसतं. मेंढपाळ कधीच उतरले असते, शिकारी उतरला असता, वेड लागलेला माणूससुद्धा उतरला असता. ही दोघं बसली, कारण त्यांना ठाऊक होतं की ऊन आलं की मिटफूल उघडतं. बरोबरच ठाऊक होतं. ढगाला भोक पडलं, उन्हाचा एक कवडसा उतारावरून सरकत आला आणि पुंजका उघडला.

ताई पुंजक्यापाशी वाकली. तिनं एकच फूल घेतलं. कोरड्यात कोरडा कागद निवडला, पाकळ्या बोटांनी सारख्या केल्या, माझे पट्टे आवळले, खोळ चढवली, दोरी ओढली, उरलेलं कापड दोनदा दुमडून पुन्हा बांधलं. मी अंधारात गेले. तेवढ्यात पहिली गार खोळीवर आपटली.

इथून पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. गारा आणि मग गारांत मिसळलेला पाऊस. धाकट्या पळत होता, पडत होता, उठत होता. तंबू फार खाली होता आणि घळीतून पाण्याचा लोंढा सुटला होता. एका पुढे आलेल्या खडकाखाली दोघं शिरली. मला भिंतीशी टेकवलं. भिंत कोरडी होती. माझ्यासाठी कोरडी जागा शोधली होती त्यांनी.

आधी धाकट्याचे दात ऐकू आले. खडखड, खडखड, मार्मोटची पिल्लं दाणे फोडतात तसे.

"ताई, कागद भिजले गं. अंगावरचे. काढू?"

"काढून ठेवणार कुठं? सगळं ओलं आहे. राहू दे, अंगावर वाळतील. फुलाचा कागद आज दोनदा बदलायला हवा, आता हेच आहेत."

"गार लागतायत."

"चालून चालून तापला आहेस. थोडा वेळ लागेल. मला नाही का गार लागत?"

तिलाही लागत होतं. तीही भिजली होती, खोटं कशाला बोलू. पण तिच्या छातीला ओल्या कागदांचे थर नव्हते.

मग तो म्हणाला, आणि हे वाक्य मी विसरलेले नाही, "काड्यापेटी कोरडी आहे बघ. हिला पेटवली तर मस्त जळेल. आईची खाट आहे. खडखडीत."

"तुझ्या जिभेला काही हाड?"

तो हसला. हसताना दात वाजत होते. तो थट्टा करत होता, हे तिला माहीत होतं. थट्टा करत नसेल, असं तिच्या मनात आलं नाही. तो जन्मभर थट्टाच करत आला होता, खरं बोलायची त्याची तीच एक पद्धत होती.

थोड्या वेळानं दात वाजायचे थांबले.

"थांबली एकदाची थडथड," ताई म्हणाली. तिच्या आवाजात हायसं वाटल्याचं ऐकू आलं. माणसाचं अंग थंडीशी भांडणं सोडून देतं तेव्हा थडथड थांबते, हे तिला कोण सांगणार? तिच्या टेबलावर आलेल्या फर्म्यांत ते नव्हतं.

मग तो जड जिभेनं काहीतरी बोलायला लागला. दाराची बिजागरी बसवायची राहिली म्हणाला. मुलीला हाक मारली. मग म्हणाला, "ताई, उकडतंय गं," आणि सदऱ्याच्या गुंड्या ओढायला लागला.

"अरे काढू नकोस, कागद पडतील! बरं झालं ऊब आली ती. हात खाली घे. खाली घे म्हटलं ना."

ती त्याचे हात धरून बसली. तो गप्प झाला. बाहेर पाऊस कमी झाला. पाणी नुसतं ठिबकत राहिलं.

बऱ्याच वेळानं ताई म्हणाली, "झोपलास होय? झोप. बघू, वाळले का कागद," आणि तिनं त्याच्या सदऱ्यात हात घातला. कागद चाचपायला घातला. नाडी बघायला नाही, हे तुम्ही नीट ऐका.

"गार आहेत," ती म्हणाली. आणि मग, फार हळू, "गार आहेत रे."

बाहेर अजून उजेड होता. दिवसही मावळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोन मेंढपाळांनी त्याला खाली आणलं. वाटेत ऊन पडलं होतं. मिटफुलं उघडली होती, सगळा उतार निळा. मी या वेळी ताईच्या पाठीवर होते, खोळ तेवढ्यापुरती उतरवलेली, आणि मागे पडत जाणारं सगळं मला दिसत होतं.

भावजय दारात उभी होती, गळ्यात मोजपट्टी तशीच. निरोप तिला आधीच मिळाला होता. ती रडून झाली होती की रडायची होती, कळत नव्हतं. ताईनं मला पाठीवरून उतरवलं. भावजयीनं दोरी सोडली, खोळीत हात घातला आणि बराच वेळ आतून चाचपत राहिली.

"आत कोरडं आहे," ती म्हणाली. "माझी शिलाई चांगली झाली म्हणायची, वन्सं."

यानंतर ती ताईशी बोलली नाही.

घर एकच होतं. खाली मशीन, वर ताईची खोली. जेवण एका स्वयंपाकघरात. मधे ती मुलगी. "आत्याला सांग, ताट वाढलंय." "आईला सांग, भूक नाही." "आत्याला सांग, भूक नसली तरी बसायचं, अन्न टाकायचं नाही." दोघी एकमेकींपासून हाताच्या अंतरावर बसून हे बोलायच्या. पोर मान इकडून तिकडे फिरवत मोठी झाली. एकदा ती चिडून म्हणाली, "मी भिंत आहे का?" दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आत्याला सांग..."

ताई त्या कचेरीत गेली नाही. चष्मेवाले एकदा स्वतः आले, विचारपूस केली, फुलाचा विषय काढला. ताई म्हणाली, "कसलं फूल?" ते टोपी हातात घेऊन परत गेले.

मी कपाटाच्या डोक्यावर. पट्टे आवळलेले, खोळ चढवलेली. त्या दिवशी खाली उतरल्यावर ताईनं माझे पट्टे एकदाच सोडले होते. त्याच्या छातीवरचे कागद मेंढपाळांच्या शेकोटीपाशी वाळले होते. त्यांना बाक आला होता. एका बाजूला बरगड्यांच्या रेघा उठल्या होत्या. ताईनं ते माझ्यात ठेवले, फुलाच्या वर, आणि पट्टे आवळले. एकट्या फुलाचं पाणी प्यायला ते पुरले. तिला वाटलं, सांभाळून ठेवले.

मी काय करते, ते तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं आहे. मी सपाट करते. मला दुसरं काही येत नाही. इतकी वर्षं मी त्या कागदांवर बसून होते. बाक हळूहळू गेला. मग रेघाही गेल्या. मला कळत होतं, आणि मला पट्टे सैल करायला हात नव्हते.

आता मुलगी मोठी झाली आहे. दातांच्या दवाखान्यात काम करते, तिच्या बापासारखीच चेष्टेखोर आहे. परवा ती ताईच्या खोलीत आली, खुर्चीवर चढली आणि मला खाली काढलं. धुळीनं शिंका आल्या तिला.

"ठेव ती वर," ताई पलंगावरून म्हणाली. ताई आता थकली आहे, पण आवाज थकलेला नाही.

"आत्या, मी डोंगरात जातेय. आम्ही चौघी. मला तो उतार बघायचाय."

"उतार बघ. फळी कशाला?"

"बाबांनी केलीय ही. तुझ्या एकटीची नाही."

"पोरी, डोंगर बोलून दाखवायला सोपा असतो."

"आणि घर? ते सोपं आहे?"

खाली मशीन थांबलं. जिन्यावर पावलं वाजली. इतक्या वर्षांत भावजय त्या खोलीत आली नव्हती. केस पांढरे झालेत तिचे. ती माझ्यापाशी बसली आणि कुणाला न विचारता खोळ काढली, पट्टे सोडले. चामडं इतकं कडक झालं होतं की एक पट्टा बोटांतच तुटला.

फूल होतं. पांढरं. काल खुडल्यासारखं. मुलीनं श्वास आत घेतला. पण तिची आई फुलाकडे बघत नव्हती. तिचा हात वरच्या कागदांवर होता.

"हे कसले?" तिनं विचारलं. मुलीकडे बघून नाही. ताईकडे बघून.

ताई पलंगावर उठून बसली. "त्याच्या अंगावरचे."

"अंगावरचे?"

"छातीला बांधलेले. वाळवायला. मीच बांधले होते, मीच काढू दिले नाहीत." मग ती म्हणाली, "त्यांना बाक होता गं. त्याच्या बरगड्यांचा. मी जपून ठेवले होते."

भावजयीनं एक कागद उचलून उजेडात धरला. सपाट. ती त्याच्यावरून बोटं फिरवत राहिली, कापड निवडताना शिंपी फिरवतात तशी, धागा कुठं उभा आहे ते शोधत. काहीच सापडलं नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तसं मला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, आता जिन्यावरून फेकेल. फेकली असती तर मी समजून घेतलं असतं.

पण तिनं ते कागद एकावर एक घेतले, सैलसर गुंडाळले, मनगटाएवढ्या जाडीची वळी केली आणि खिशातल्या दोऱ्यानं बांधून पदराखाली घेतले. पुन्हा बाक यावा म्हणून असेल. मग ती खोळ घेऊन उठली. मला वगळून, फक्त खोळ. मुलीला म्हणाली, "खाली ये. उभी राहा. माप घेते."

सगळ्या खाली गेल्या. ताईसुद्धा, भिंतीला धरून एकेक पायरी. मला मुलीनं काखेत मारलं होतं, म्हणून मी पाहिलं. भावजयीनं खोळ टेबलावर पसरली आणि मधोमध कात्री घातली. कर्रर्र आवाज झाला. गळा कापला. हातांच्या जागा कापल्या. कापड पुरून उरलं. मोठी शिवली होती ना, फारच मोठी. बाह्या निघाल्या, टोपीही निघाली.

मेणकापड कडक, साधा दोरा त्यात तुटत होता. दोनदा तुटला. तेव्हा ताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, मुलीकडे मेणबत्तीचा तुकडा मागितला आणि दोऱ्याला मेण लावायला लागली. आयुष्यभर पुस्तकांसाठी लावलं तसं. लावलेला दोरा तिनं पुढे धरला. भावजयीनं तो घेतला, ओवला आणि मान वर न करता म्हणाली, "याचा अर्थ मी विसरले असा घेऊ नका, वन्सं."

"नाही घेत."

"दुसरा करा. हा पुरायचा नाही."

ताईनं दुसरा केला.

आता रेनकोट खुंटीवर आहे आणि मी दाराशी, मुलीच्या पिशवीवर बांधलेली. सकाळी आम्ही निघणार. माझ्या अंगावर खोळ नाही. पाऊस आला तर मी भिजेन, कागद भिजतील, फुलं काळी पडतील. पडू देत. काळ्या पडलेल्या फुलासाठी कुणाच्या घरी ताट वाढून ठेवलेलं नसतं, कुणी दारात वाट बघत नसतं.

पोरी, तू मला पाठीवर घेशील, म्हणजे पुढचं मला दिसणार नाही. ते तुलाच बघायचंय. उतार हिरवा झाला की उतरायला लाग. फूल उघडायची वाट बघत बसू नकोस. बरोबरच्या कुणाचे दात वाजायचे थांबले, तर हायसं वाटून घेऊ नकोस. आणि कधी अशी वेळ आलीच, की वर खडक, खाली पाणी आणि हातात फक्त काड्यापेटी, तर माझ्याकडे बघून थांबू नकोस. माझे सांधे खाचेतले आहेत, हातानं निखळतात. तुझ्या आजीची खाट आहे ही, इतकी वर्षं एक थेंब न लागलेली. मस्त जळेल.

तुझ्या बापानं सांगितलं होतं ते. आम्ही ऐकलं नाही.